काळी माती आणि घरची माणसं

सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याहून घाट उतरला की वऱ्हाडचं सपाट, काळं रान सुरू होतं. कपाशीचं आणि पावसाच्या भरवशावरचं.

विला कॅथर यांच्या 'ओ पायोनियर्स!' (१९१३) या कादंबरीत असंच रान आहे, अमेरिकेतल्या नेब्रास्काचं. दुष्काळाने शेजारी जमिनी विकून निघून जातात. अलेक्झांड्रा बर्गसन मात्र वडिलांनी सोपवलेली जमीन राखते, वाढवते. पुढे तिच्या लग्नाचा विषय निघताच भावांना धास्ती वाटते ती जमीन घराबाहेर जाण्याची.

बुलढाण्याच्या सदानंद देशमुखांची 'बारोमास' ही कादंबरी याच वऱ्हाडातल्या शेतकरी घराची गोष्ट सांगते. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकनाथ उच्चशिक्षित आहे, पण नोकरीसाठी द्यायला पैसा नाही. म्हणून तो शेतीत राबतो. शहरात वाढलेली त्याची बायको अलका त्या ओढगस्तीत रमत नाही आणि संसार तुटतो.

अलेक्झांड्राला जमीन श्रीमंत करते, एकनाथाला कर्जात लोटते. तिथे नवी जमीन वाढत्या बाजाराला जोडली गेली. इथे वाटण्यांनी तुकडे झाले, खर्च वाढला, भाव पडले. म्हणूनच 'बारोमास'मधला नवरा-बायकोचा दुरावा समजून घ्यायचा, तर शेताचा हिशेबही वाचावा लागतो.