मीठ, पाणी आणि पीयूषिका ग्रंथी

वैशाखातील उन्हात नांगर सुटला की हदगाव परिसरातील शेतकरी बैलांना प्रथम पाण्यावर नेतो. त्यांच्यासाठी गोठ्यात मिठाचा खडाही ठेवलेला असतो. पाणी व मीठ यांची ही जोडी जनावरांच्या बाबतीत आपण विसरत नाही. घरातील रुग्णाच्या बाबतीत मात्र ती वारंवार विसरली जाते, असा आमचा अनुभव आहे.

या जोडीचे मर्म प्राण्यांवरील संशोधनातूनच उलगडले. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ई. बी. व्हर्नी यांनी कुत्र्यांच्या मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीत मिठाचे तीव्र द्रावण सोडून पाहिले. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, तेथील रक्ताचा परासरण दाब अवघा २ टक्क्यांनी वाढताच मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या मागील भागातून मूत्ररोधक संप्रेरक स्रवते व लघवीचे प्रमाण एकदम घटते. हेच व्हॅसोप्रेसिन होय. त्याच्या आज्ञेने मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात. मनुष्यातही हीच व्यवस्था आहे.

परंतु ही ग्रंथी आणखी एका संकेतावर चालते. जुलाब, उलट्या वा अतिघाम यांमुळे शरीरातील एकूण द्रव बराच घटला, तर रक्तातील क्षार विरळ झालेले असूनही व्हॅसोप्रेसिन स्रवतच राहते. अशा वेळी केवळ साधे पाणी पाजत राहिल्यास ते शरीरात साठते व सोडियम आणखी खालावते. मग ग्लानी, भ्रम, प्रसंगी झटके येतात. पाणी भरपूर देऊनही रुग्ण खचतो, तो यामुळेच.

यावर उपाय जलसंजीवनीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रानुसार तिच्या एका लिटरमध्ये सोडियम व ग्लुकोज प्रत्येकी ७५ मिलिमोल असते. ग्लुकोजच्या साहाय्याने आतड्यातून सोडियम शोषले जाते व त्यामागोमाग पाणी. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा असावा. मिठाचे प्रमाण वाढवू नये.

हृदयविकार, मूत्रपिंडविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा. रुग्ण गुंगीत असल्यास तोंडात काहीही न ओतता त्याला विनाविलंब रुग्णालयात आणावे, ही आमची कळकळीची विनंती.