गे पात्र ओढूनताणून कधी वाटतं?

मालिकेत गे पात्र आलं की 'मुद्दाम घुसवलंय' हा शेरा ठरलेलाच. असं वाटणाऱ्यांनी 'द वायर' (२००२–२००८) जरूर पाहा.

बाल्टिमोरचा ओमर लिटल ड्रग विकणाऱ्यांनाच लुटतो. शॉटगन घेऊन गल्लीत शिरला की पोरं ओरडत पळत सुटतात. या धंद्यात नसलेल्या माणसावर बंदूक रोखायची नाही, हा त्याचा नियम. तो गे आहे, पण तेवढीच त्याची ओळख नाही. त्याच्या प्रियकराचा, ब्रँडनचा छळ करून खून होतो आणि ओमरचं बार्क्सडेल टोळीशी वैर पेटतं. हे नातं काढलं तर कथाच लंगडी पडेल.

आपल्याकडच्या 'मेड इन हेवन'मधला (२०१९) करणही असाच. कर्ज, धंदा, प्रेम, चुका, सगळं आहे त्याला. पात्राला स्वतःचा स्वभाव आणि कथेत काम असलं की ते उपरं वाटत नाही.

तुम्हाला पटलेलं पात्र कोणतं?