किपलिंगचे शिपाई, लोकगीतांचे सूर

रुडयार्ड किपलिंग म्हटले की 'जंगल बुक' आणि ब्रिटिश साम्राज्याचा अभिमान या दोनच गोष्टी चटकन आठवतात. १८६५ मध्ये मुंबईत जन्मलेल्या या लेखकाच्या शिपाईगीतांकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. ती गीते लोकसंगीताच्या सुरांत आणण्याचे श्रेय प्रामुख्याने इंग्लंडमधील लोकगायक पीटर बेलामी (१९४४-१९९१) यांना जाते.

लाहोरच्या वृत्तपत्रात १८८२ पासून काम करताना किपलिंग यांनी तेथील छावणीतील गोऱ्या शिपायांचे जीवन जवळून पाहिले. १८८९ मध्ये ते लंडनला परतले. त्यांच्या घरासमोरच एक म्युझिक हॉल होता व तेथे सामान्य लोकांची गाणी रंगत. या दोन्ही अनुभवांतून 'बॅरक-रूम बॅलड्स' साकारली व १८९२ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांतील शिपाई व्याकरणशुद्ध इंग्रजी बोलत नाही. तो आपल्याच बोलीत तक्रार करतो, थट्टा करतो, हळहळतो.

'डॅनी डीव्हर' या कवितेत सहकाऱ्याला ठार मारणाऱ्या शिपायाला साऱ्या पलटणीसमोर फाशी दिली जाते. सारी हकिकत सवाल-जवाबातून उलगडते आणि ध्रुपद पुन्हा पुन्हा येते. जुन्या इंग्रजी कथागीतांची घडणही अशीच असते. वॉल्टर डॅमरॉश यांनी १८९७ मध्ये या कवितेला चाल दिली, ती मैफलीतील गायकांसाठी होती. बेलामी यांनी १९७० च्या दशकात या गीतांची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली. काही चाली पारंपरिक, तर काही त्याच धाटणीवर स्वतः बांधलेल्या. साथीला बहुधा कॉन्सर्टिना हे भात्याचे छोटे वाद्य असे. त्यामुळे शब्द पुन्हा शिपायाच्या तोंडी आल्यासारखे वाटतात.

चाल गोड असली तरी प्रश्न मिटत नाही. 'गंगा दीन'मधील भारतीय पखालवाला गोळीबारातही जखमी शिपायाला पाणी पाजतो आणि प्राण गमावतो. शिपाई त्याला आपल्याहून श्रेष्ठ मानतो, पण ते त्याच्या मृत्यूनंतर. तोवर वाट्याला येतात शिव्या आणि मार. इंग्लंडमधील लोकसंगीत चळवळीतील अनेकांचा कल डावीकडे असल्याने किपलिंगची निवड तेथेही अडचणीचीच होती.

साम्राज्याचा गर्व आणि त्यासाठी मरणाऱ्याचे दुःख या गीतांत एकत्र नांदतात. लोकसंगीताने गर्व पुसला नाही; दुःख मात्र अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागले.