उन्हासाठी बिऱ्हाड

थंडी पडली की आपल्या घरात काय होतं? डिंकाचे लाडू वळले जातात, गोधड्यांना ऊन दाखवलं जातं, सकाळचा चहा अंमळ उशिरा होतो. थंडी आहे म्हणून कुणी गाव सोडून जात नाही! युरोपातल्या शर्यतीच्या सायकलपटूंचं मात्र उलट. डिसेंबर उजाडला की ही मंडळी सायकलची चाकं सोडवतात, सगळा जामानिमा खोक्यात भरतात आणि थेट स्पेनमध्ये बिऱ्हाड मांडतात.

‘मजा आहे बाई एकेकींची!’ असं तुम्ही म्हणाल. पण मैत्रिणींनो, ही हवापालट नव्हे. हे कामाचं बिऱ्हाड आहे, आणि त्याचा हिशेब आपल्या महिन्याच्या वाणसामानाइतकाच काटेकोर असतो.

तासांची टंचाई

नेदरलँड्सचंच उदाहरण घ्या. सायकल तिथे घरोघरी. पण डिसेंबरअखेर दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा. रस्ते ओले, आणि कधी त्यांवर बर्फाचा असा पातळ थर की डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. चाक सटकलं की हाडावरच बेततं. चढाचा सराव करावा, तर मुख्य भूमीवरची सगळ्यात उंच टेकडी अवघी ३२२ मीटरची!

आणि याच महिन्यांत सायकलपटूला हवे असतात तास. दिवसाला चार-पाच तास, तेही शेजारणीशी बोलता येईल अशा बेताच्या वेगाने. या लांबलचक, संथ फेऱ्यांनी हृदय बळकट होतं आणि अंगातली चरबी इंधन म्हणून वापरायची सवय स्नायूंना लागते. जोराचा सराव नंतर. पुरणाची डाळ आधी नीट शिजली पाहिजे, तसंच हे.

घरात स्टँडवर सायकल लावूनही पेडल मारता येतं. आता तर समोरच्या पडद्यावर डोंगरसुद्धा दिसतात. तास-दोन तास ते ठीक. पण पाच तास एका जागी घाम गाळायचा म्हणजे जीव कंटाळतो, आणि वळण कसं घ्यायचं, उतारावर ब्रेक किती दाबायचा, हे बंद खोलीत कोण शिकवणार?

समुद्र आणि डोंगर

म्हणून ही मंडळी स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचं काल्पे गाव गाठतात. भर जानेवारीत तिथे दुपारी पंधरा-सोळा अंश तापमान असतं. उन्हाळ्यातली समुद्रस्नानाची गर्दी ओसरलेली, त्यामुळे हॉटेलं रिकामी, रस्तेही मोकळे आणि पाठीशीच डोंगर. कुणी मायोर्का बेटावर जातं, तर कुणी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या टेनेरीफ बेटावर.

टेनेरीफची गंमत वेगळीच. तिथे तेइदे नावाचा ज्वालामुखी आहे, ३,७१५ मीटर उंच. त्याच्या अंगावर सुमारे २,१०० मीटरवर राहण्याची सोय आहे. तिथली हवा विरळ. अशा हवेत दोन-तीन आठवडे राहिलं की शरीर जास्त तांबड्या पेशी तयार करू लागतं. पण त्यांना लागतं लोह! दर महिन्याच्या पाळीत बायकांचं लोह जातच असतं. म्हणून जाणत्या खेळाडू निघण्याच्या काही आठवडे आधी रक्त तपासून घेतात, आणि गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घेतात, मैत्रिणीच्या नव्हे.

वर चढताना घाम फुटतो, पण उतरताना वारा अंगाला झोंबतो. त्यासाठी पाठीच्या खिशात वाराबंद जाकीट हवंच. जुने सायकलपटू उतरण्याआधी सदऱ्याच्या आत छातीशी वर्तमानपत्र खोचायचे. आजही ही युक्ती तितकीच कामाची!

स्वयंपाकघरही सोबत

लांबच्या फेरीत तासाला साठ ग्रॅम, कधी त्याहूनही जास्त पिष्टमय पदार्थ पोटात जावे लागतात. त्यासाठी काय करतात ठाऊक आहे? मऊ भात शिजवायचा, साखर घालून ट्रेमध्ये थापायचा, वड्या पाडायच्या आणि चांदीच्या कागदात गुंडाळून खिशात टाकायच्या. आपल्या गोडाच्या भाताची जणू चुलत बहीणच!

इथे एक धोका सांगायलाच हवा. वजन कमी असलं की चढ सोपा जातो, म्हणून कित्येक मुली खाणं तोडतात. सराव दुप्पट आणि जेवण अर्धं. मग पाळी चुकते, पुढे थांबते, हाडं ठिसूळ होतात. ‘एवढ्या व्यायामात पाळी थांबायचीच,’ असं म्हणून सोडून देऊ नये. ती शरीराने दिलेली हाक आहे. तिथे डॉक्टर हवा आणि ताटात जास्तीचा भात हवा.

आनेमीकची चिकाटी

नेदरलँड्सची आनेमीक व्हान व्ल्यूटेन १९८२ साली जन्मली. गुडघ्याच्या दुखण्याने फुटबॉल सुटला, म्हणून ती विशी उलटल्यावर सायकलीकडे वळली. हिवाळ्यात घर सोडून टेनेरीफ, कोलंबिया अशा ठिकाणी डोंगरात तासन् तास सराव करणारी म्हणून तिची ख्याती झाली. फेब्रुवारीअखेर बेल्जियममध्ये हंगामाची नांदी ठरणारी ओम्लोप शर्यत तिने २०२० आणि २०२२ साली जिंकली. २०२२च्या जुलैत स्त्रियांची तूर द फ्रान्स नव्याने सुरू झाली. पहिल्याच दिवसांत तिचं पोट बिघडलं, अन्न ठरेना. तरी ती टिकून राहिली. सातव्या दिवशी डोंगर आले आणि सगळ्यांना मागे टाकून ती एकटीच पुढे गेली. आठव्या दिवशी शर्यत तिने जिंकली. वय होतं ३९!

पैसे कुणाचे?

पुरुषांच्या मोठ्या संघांत हॉटेल, आचारी, मालीश करणारा, सगळं संघाचं. बायकांच्या बाबतीत मात्र अगदी वरच्या दर्जाच्या संघांतही किमान पगाराचा नियम यायला २०२० साल उजाडावं लागलं. तेव्हा तो वर्षाला १५,००० युरो होता. २०२३ साली तो ३२,१०० युरोंवर गेला. त्याआधी कितीतरी जणी नोकरी सांभाळून पेडल मारत होत्या. रजा मिळाली तर ऊन, नाहीतर घरचा अंधार! अंगात गुण असूनही तासच मिळाले नाहीत, अशा किती जणी मागे राहिल्या असतील?

आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. पण उद्या आपली लेक म्हणाली, ‘आई, सरावासाठी परगावी राहायचंय,’ तर लगेच ‘हे काय खूळ!’ म्हणू नका. सोबत कोण आहे, खायला काय मिळेल, पाळी नियमित आहे ना, पैसे कसे उभे करायचे, हे तिच्याशेजारी बसून विचारा. मग लाडवांचा डबा भरायला घ्या.