गप्पीचे बारसे

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात आमचे मूर्तिजापूर. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून गोडे पाणी आले की हौद, रांजण, पिंपे भरून ठेवायची. साठवणीच्या पाण्यात डास आलेच, आणि डासांच्या मागोमाग आरोग्य खात्याचे गप्पी मासे. गेल्या पावसाळ्यात आमच्या हौदात ते सोडले गेले, तेव्हा एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, गप्पी म्हंजे गप्पा मारनारी, का गप्प बसनारी?"

मराठीच्या मास्तराला याहून अवघड प्रश्न कोणी विचारू नये! खरे पाहता दोन्ही नाही. गप्पी हे आडनाव आहे. रॉबर्ट जॉन लेकमीअर गप्पी हे त्रिनिदाद बेटावरचे शाळा-तपासनीस. भूगर्भशास्त्राचा नाद असलेले. त्यांनी ब्रिटिश म्युझियमकडे हे मासे धाडले आणि १८६६ मध्ये ग्युंटर यांनी माशाला त्यांचे नाव दिले. पण बारसे आधीच उरकले होते. बर्लिनच्या पेटर्स यांनी व्हेनेझुएलातील माशांवरून १८५९ मध्येच 'पोसिलिया रेटिक्युलाटा' हे नाव ठेवले होते. शास्त्रात आधीचे नाव खरे. लोकांनी मात्र गप्पीसाहेबांना सोडले नाही.

त्याच व्हेनेझुएलात गप्पीचा एक भाऊबंद कित्येक वर्षे बिनबारशाचा राहिला, त्याची कथा अधिक चटका लावणारी आहे. कुमाना शहराजवळच्या एका सरोवरात १९३७ मध्ये फ्रँकलिन बाँड यांनी तो पकडला. पुढे १९७५ मध्ये जॉन एंडलर तेथे गेले. पाणी कोमट, शेवाळाने हिरवेगार. लगत शहराचा उकिरडा! आणि त्या पाण्यात इंचभर लांबीचे नर, अंगावर नारिंगी, काळे, झळझळीत हिरवे पट्टे. माद्या मात्र साध्या, मातकट. एंडलर यांनी हे मासे डॉन रोझेन यांना दिले. रोझेन त्याचे शास्त्रीय वर्णन करणार होते; पण १९८६ मध्ये ते वारले. मासे मात्र क्लाउस कालमन यांच्या हातून जर्मनीतील हौशी मंडळींकडे पोचले आणि 'एंडलरचा मासा' म्हणून घरोघरी नांदू लागले.

अखेर २००५ मध्ये पोसर, केम्प्केस आणि इसब्रुकर यांनी त्याला 'पोसिलिया विंगेई' म्हटले. हे विंगे डेन्मार्कचे. गप्पीचे काही रंग बापाकडून केवळ मुलाकडेच जातात, हे त्यांनी १९२२ मध्ये दाखवले होते. नव्या जातीचा पुरावा म्हणून नराची धातूसारखी झळाळी आणि प्रणयाची रीत पुढे केली गेली. सर्वांना ते पटले नाही. दोघांचा संकर होतो, पिल्लेही प्रजननक्षम निघतात. मग जात वेगळी कशी? मला वाटते, वाद पंडितांनी खुशाल घालावा. खरी काळजी निराळीच आहे. मादी नराचे बीज महिनोन्‌महिने साठवून ठेवते. एकदा का ती गप्पीच्या बरणीत राहिली, की शुद्ध वाण बिघडलाच. म्हणून जाणते हौशी प्रत्येक बरणीवर मूळ ठिकाणाची चिठ्ठी लावतात.

परवा एका शेजाऱ्यांनी सुचवले, जास्तीचे गप्पी पूर्णेत सोडून द्या. मी नको म्हटले. हा परदेशी पाहुणा झपाट्याने वाढतो, इतर माशांची पिल्ले खातो. हौदात तो सोयीचा, नदीत नव्हे. शेवटी त्या विद्यार्थिनीनेच मासे बरणीत भरून पलीकडच्या गल्लीतल्या हौदांसाठी नेले. दारातून वळून म्हणाली, "सर, हे तं गप्पच हायेत!"