सिस्टर एवढं का विचारते?

आम्ही उपकेंद्रात काम करणाऱ्या सिस्टर. आज गोळ्या-औषधांवर बोलणार नाही, आमच्या प्रश्नांवर बोलणार आहोत. बचत गटाच्या बैठकीला आलो की एक तक्रार हमखास कानावर येते, "बाई, पाय दुखतात म्हणून गेलं तर तुम्ही पाळीचं विचारता, मुलं किती विचारता, पडलेली किती विचारता. पायाचं राहिलं बाजूला." तक्रार खोटी नाही. प्रश्न कशासाठी आहे हे सांगितलं नाही, तर समोरची बाई उत्तर तरी पुरं का देईल?

पहिल्यांदा पाळीच्या तारखेचं घेऊ. दिवस गेलेल्या बाईला आम्ही विचारतो, "शेवटची पाळी कधी आली?" यात दोन गफलती होतात. एखादी पाळी चुकली तो महिना सांगते, म्हणजे हिशोब महिनाभराने पुढे सरकतो. दुसरी डोक्यावरून पाणी घेतलं तो दिवस सांगते. आम्हाला हवा असतो शेवटच्या पाळीत पहिल्यांदा अंगावर गेलं तो दिवस. त्यात 9 महिने आणि 7 दिवस मिळवायचे. 10 जूनला पाळी आली असेल तर बाळंतपणाची तारीख येते 17 मार्चच्या आसपास. ही तारीख चुकली की बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे की दिवस उलटून गेलेत, हेच कळत नाही. तारीख आठवत नसेल तर सण सांगा. पोळ्याच्या आधी की नंतर, गौरी बसल्या तेव्हा तुम्ही बाजूला होतात का, गावची जत्रा झाली होती का. कालनिर्णय काढून पुढचं आम्ही बघतो.

आता अवघड प्रश्न. "याआधी किती वेळा दिवस गेले होते?" बहुतेक जणी जिवंत मुलांचा आकडा सांगतात. दोन मुलं, की दोन. मधे एक तिसऱ्या महिन्यात पडलं, एक पाडून घेतलं, ते मोजलंच जात नाही. त्यातून सासूबाई शेजारी बसलेल्या असतील तर विचारूच नका.

पण त्याची गरज असते, बरं का. समजा बाईचा रक्तगट निगेटिव्ह आहे आणि पोटातल्या बाळाचा पॉझिटिव्ह. बाळंतपणात किंवा गर्भ पडताना बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळू शकतं. मग आईचं शरीर त्या रक्ताविरुद्ध लढायला शिकतं. त्या खेपेला सहसा काही होत नाही. पुढच्या खेपेच्या बाळाला मात्र कावीळ होते, त्याचं रक्त कमी होतं, कधी ते पोटातच जातं. यावर अँटी-डी नावाचं इंजेक्शन आहे. बाळंतपणानंतर किंवा गर्भ पडल्यावर ते 72 तासांच्या आत द्यावं लागतं. आईचं शरीर एकदा लढायला शिकलं की मग या इंजेक्शनचा उपयोग नाही. तेव्हा रक्ताची वेगळी तपासणी करून बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करावं लागतं. म्हणजे पाच वर्षांपूर्वीचं "ते काही नाही, जरा पोटात दुखलं होतं" आजच्या बाळाच्या जिवावर येऊ शकतं.

हे सांगायला एकांत लागतो, हे आम्हाला कळतं. म्हणून आम्ही सोबतच्या माणसाला केसपेपर काढायला पाठवतो, नाहीतर वजन करायचं म्हणून बाईला एकटीलाच आत घेतो. नाही घेतलं तर तुम्ही हळूच म्हणा, "सिस्टर, जरा आत बोलायचंय." एवढं पुरे. आणि हेही माहीत असू द्या, गर्भपात करून घेतलेल्या बाईचं नाव बाहेर फोडायचं नाही, असं 2021 च्या कायदादुरुस्तीने डॉक्टरांवर स्पष्ट बंधन घातलं आहे.

"काही त्रास?" "नाही." हे उत्तर आम्ही दिवसातून कितीदा ऐकतो! डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायकांची तपासणी केली. 1989 साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. 100 पैकी 45 जणींनी कसलाच त्रास सांगितला नव्हता. तपासल्यावर मात्र 100 पैकी 92 जणींना अंगावरून जाण्याचा, पाळीचा किंवा तसाच कुठला ना कुठला आजार निघाला. आणि त्याआधी कधी तपासून घेतलेल्या होत्या 100 मध्ये 8. अंगावर काढायची सवय आपल्याला किती लागली आहे ते यावरून दिसतं.

म्हणून "पांढरं जातं का" एवढ्यावर आमचं काम भागत नाही. वास येतो का, खाज येते का, रंग कसा, कपडा बदलावा लागतो का, नवऱ्याला काही त्रास आहे का, हे सगळं विचारावं लागतं. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखं थोडं जाणं हा आजार नव्हे. दह्यासारखं जाऊन खाज येत असेल तर औषध वेगळं, पिवळं-हिरवं वासाचं असेल तर वेगळं, आणि काही आजारांत नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात. नवऱ्याचं विचारलं की बायका लाजतात. लाजा, पण सांगा! बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांची गर्भाशयं काढली गेली, त्यावर 2019 साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तेव्हा पांढरं जातं एवढ्यावरून पिशवी काढायला कुणी सांगितलं तर आणखी एका डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. उलट, पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि पुन्हा लाल डाग दिसला, तर एकदाच दिसला म्हणून गप्प बसू नका. तो तपासायलाच हवा, त्यात कॅन्सर नाही ना हे बघावं लागतं.

तुमच्यात आशाताई असतील, त्यांच्यासाठी थोडं. "लोहाच्या गोळ्या घेतेस ना?" असं विचारलं की "हो" हेच उत्तर येणार. या प्रश्नात उत्तर आपणच घालून दिलेलं असतं. त्यापेक्षा विचारा, "गोळी कधी घेतेस? पाकिटात किती उरल्या? घेतल्यावर काय होतं?" मग ती सांगते की मळमळतं, म्हणून डब्यात ठेवल्यात. लोहाने शी काळी होते. ती काळी होत नाही म्हणाली, तर गोळी पोटात जात नसावी असं समजून पुढे बोला. रागावू मात्र नका. रागावलं की पुढच्या वेळी ती रिकामं पाकीट दाखवेल आणि गोळ्या उकिरड्यावर. रात्री जेवल्यावर घे, वर लगेच चहा पिऊ नकोस, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घे, असं सांगितलं तर जमतं.

आणखी एक. प्रश्न विचारून झाला की जरा थांबायचं. मनात दहा आकडे मोजायचे. बायका आधी विचार करतात, दाराकडे बघतात, मग बोलतात. आपण रजिस्टर भरायच्या घाईत पुढचा प्रश्न टाकला की आलेलं उत्तर परत पोटात जातं.

पाच महिन्यांनंतरच्या गरोदर बाईला तर नुसतं "डोकं दुखतं का" विचारून सोडू नका. उन्हातान्हात राबणाऱ्या कुणाचं डोकं दुखत नाही? "डोळ्यांपुढे काजवे चमकतात का? अंधुक दिसतं का? तोंड सुजतं का? बांगड्या घट्ट होतात का? छातीखाली पोटात वर दुखतं का?" असं एकेक विचारायचं. यातलं काही असेल आणि रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त भरला, तर उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. गाडीसाठी 108 ला फोन लावायचा. हा रक्तदाब वाढून झटके येतात, त्यात आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात.

निघताना आम्ही विचारतो, "सांगा बघू, घरी गेल्यावर गोळ्या कशा घ्याल?" काही मावश्यांना वाटतं, सिस्टर परीक्षा घेतेय. परीक्षा असलीच तर ती आमची असते. तुम्ही चुकीचं सांगितलं तर आम्ही नीट समजावलं नाही असं धरून आम्ही पुन्हा सांगतो. न विचारता निघालात तर तुम्हीच म्हणा, "थांबा सिस्टर, मी एकदा म्हणून दाखवते."