मुस्लिम स्त्री आणि तलाक : धर्मवचन, रूढी व कायदा

इस्लाममध्ये विवाह हा करार मानला जातो. म्हणूनच त्यात स्त्रीची संमती व तिला द्यावयाचा मेहर यांना महत्त्व आहे. पती-पत्नींत बेबनाव झाल्यास दोन्ही कुटुंबांतून एकेक मध्यस्थ नेमावा, असे कुराणाच्या चौथ्या अध्यायात (आयत ३५) सांगितले आहे. इद्दतचा काळही समेटास वाव देतो. एका दमात तीनदा ‘तलाक’ उच्चारण्याच्या रूढीने मात्र हे दोन्ही मार्ग बंद केले.

या रूढीविरुद्ध १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या नेतृत्वाखाली सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. पुढे २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी ही प्रथा रद्दबातल ठरविली. २०१९ च्या कायद्याने ती तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा झाली.

तथापि, तीन महिन्यांत टप्प्याटप्प्याने दिला जाणारा तलाक-ए-हसन या कायद्याच्या कक्षेत येत नाही. उलट, १९३९ च्या कायद्यानुसार न्यायालयात विवाहविच्छेद मागणाऱ्या पत्नीस त्याची कारणे सिद्ध करावी लागतात. पतीस उच्चाराने व पत्नीस पुराव्याने मुक्ती मिळते, तोवर या कराराचे दोन्ही पक्ष समान आहेत, असे म्हणता येणार नाही.